केनियन शिलिंग आणि युगांडन शिलिंग : १९६६ पासूनचा विनिमय दर नेमका कसा वाचावा?

ऐरोली_लेखा :

सर्वांना नमस्कार.

मी ऐरोलीत राहते आणि रबाळे एमआयडीसीतील एका छोट्या कारखान्याचा लेखा विभाग सांभाळते. आमच्याकडे पाण्याच्या पंपांचे सुटे भाग तयार होतात आणि इंपेलर, शाफ्ट, सील अशा मालाचा एखादा कंटेनर दर दीड-दोन महिन्यांनी न्हावाशेव्याहून मोम्बासाला रवाना होतो. युगांडाला स्वतःचे बंदर नसल्यामुळे आमचे मोम्बासाचे व्यापारी त्यातला बराचसा माल ट्रकने मलाबाच्या नाक्यावरून पुढे कंपालाला पाठवतात. आमचे बिल डॉलरमध्ये असते, त्यांचे हिशेब केनियन शिलिंगमध्ये असतात आणि त्यांचे कंपालातील गिऱ्हाईक युगांडन शिलिंगमध्ये पैसे मोजते, म्हणजे एकाच सीलची किंमत तीन चलनांतून फिरते.

२०२४ च्या एप्रिलमध्ये या व्यापाऱ्यांचे पत्र आले. जानेवारीत एका केनियन शिलिंगला सुमारे २४ युगांडन शिलिंग पडत होते, आता २९ पडतात, याचाच अर्थ युगांडाचे चलन घसरले असून कंपालाच्या गिऱ्हाइकाला माल महाग पडतो, तेव्हा यापुढच्या आणि मागच्याही बिलांवर १५ टक्के सूट द्यावी, असे त्यात लिहिले होते. आमच्या साहेबांनी मला या दोन चलनांमधील दराचा अगदी सुरुवातीपासूनचा इतिहास काढायला सांगितला. युगांडाचे चलन वर्षानुवर्षे असेच खाली येत असेल, तर दरपत्रक मुळातूनच बदलावे असा त्यांचा विचार आहे.

मी आकडे जमवायला बसले आणि गोंधळले. एका तक्त्यात १९६६ साली १ केनियन शिलिंग म्हणजे १ युगांडन शिलिंग असे दिले आहे. दुसऱ्या तक्त्यात त्याच वर्षासमोर ०.०१ असा आकडा आहे. पहिल्या तक्त्याच्या आलेखात १९८७ साली रेघ एखाद्या कड्यावरून पडल्यासारखी खाली येते, तर दुसऱ्यात तसे काहीच दिसत नाही. त्यातच केनियाच्या मध्यवर्ती बँकेच्या दरपत्रकात डॉलर आणि पौंड ‘एका डॉलरला किती केनियन शिलिंग’ या पद्धतीने दिलेले असतात, पण युगांडा आणि टांझानिया यांची चलने मात्र उलट, म्हणजे ‘एका केनियन शिलिंगला किती’, अशी दिलेली असतात. हे लक्षात न आल्यामुळे माझा पहिला आलेख पूर्ण उलटा निघाला आणि ते दुसऱ्या दिवशी ध्यानात आले.

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. १ आणि ०.०१ यांपैकी खरा आकडा कोणता? १९६६ ते १९८० या काळात दर १ वर इतका स्थिर कसा राहिला, जेव्हा त्याच काळात युगांडात एवढी उलथापालथ चालू होती? आणि व्यापाऱ्यांचे म्हणणे या इतिहासाच्या उजेडात किती ग्राह्य धरावे? कोणाला या भागाची माहिती असल्यास कृपया सविस्तर लिहावे.

नौपाडाकर :

आपला प्रश्न वाचून लगेच लिहायला बसलो, कारण माझा जन्म कंपालाचा आहे. वडील तिथे कापसाच्या एका जिनिंग कारखान्यात हिशेबनीस होते. १९७२ च्या ऑक्टोबरमध्ये, मी तेरा वर्षांचा असताना, आम्ही ठाण्याला आलो आणि तेव्हापासून नौपाड्यातच राहतो.

हे लिहिताना माझ्यासमोर पितळेची एक डबी उघडी आहे. तिच्यात तिथली दोन नाणी उरली आहेत. एक शिलिंगाच्या नाण्यावर सिंह उभा आहे आणि त्याच्या मागे डोंगरांची रांग आहे. दहा सेंटच्या नाण्याला मधोमध भोक आहे आणि भोकाच्या भोवती वाकलेले हस्तिदंत आहेत. ही भोकाची नाणी आई सुतळीत ओवून स्वयंपाकघरातल्या खुंटीला टांगून ठेवत असे आणि दूधवाला आला की त्यातली मोजून सोडवत असे. दोन्ही नाण्यांवर देशाचे नाव म्हणून फक्त ‘ईस्ट आफ्रिका’ असे कोरले आहे. केनियाचे नाव नाही आणि युगांडाचेही नाही. आपल्या आलेखाची सुरुवात जिथे होते, तिथे खरे तर दोन चलने नव्हतीच.

त्याच्याही आधी त्या प्रदेशात आपलाच रुपया चालत असे. मोम्बासा आणि झांझिबारचा सगळा व्यापार मुंबईशी बांधलेला होता आणि १५ रुपयांना एक पौंड असा ठरलेला भाव होता. पहिल्या महायुद्धानंतर चांदी महागली, रुपयाचा पौंडातील भाव चढला आणि रुपयात कर्जे घेतलेल्या गोऱ्या मळेवाल्यांची पौंडातील देणी फुगली. त्या गदारोळात १९२० साली रुपया बाजूला सारून दोन शिलिंग किमतीचा फ्लोरिन आणला गेला आणि थोड्याच काळात तोही जाऊन पूर्व आफ्रिकी शिलिंग आला. १९१९ मध्ये लंडनला स्थापन झालेले पूर्व आफ्रिकी चलन मंडळ तो काढत असे आणि २० शिलिंगांना एक पौंड हा भाव जवळजवळ अर्धे शतक टिकला.

स्वातंत्र्यानंतर तिन्ही देशांनी १९६६ मध्ये आपापल्या मध्यवर्ती बँका उभ्या केल्या. जूनमध्ये टांझानियाचा, ऑगस्टमध्ये युगांडाचा आणि सप्टेंबरमध्ये केनियाचा शिलिंग बाहेर आला. जुन्या एका शिलिंगाला नवा एक शिलिंग दिला गेला, त्यामुळे तिन्ही चलनांचा भाव साहजिकच एकास एक राहिला आणि डॉलरमागे सुमारे ७.१४ शिलिंग पडत. १९६७ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनने पौंडाचे अवमूल्यन केले, तेव्हा या तिघांनीही त्याच्यामागे जायचे नाही असे ठरवले. त्याच वर्षीच्या पूर्व आफ्रिकी समुदायाच्या करारात एकमेकांच्या नोटा कोणतीही दलाली न घेता समान भावाने बदलून देण्याची तरतूद होती. वडील नैरोबीला कामानिमित्त जात, तेव्हा खिशात युगांडाच्याच नोटा असत आणि तिथला दुकानदार त्या घेत असे. आपल्या आलेखातील पहिली तीन-चार वर्षे त्यामुळे खरी आहेत, असे मी खात्रीने सांगतो.

त्यानंतरची दहा वर्षे मात्र माझ्या दृष्टीने या इतिहासातील सर्वांत फसवी आहेत आणि नेमकी तीच आलेखात सर्वांत सरळ दिसतात. १९७० नंतर चलन सीमेपलीकडे नेण्यावर बंधने येऊ लागली. १९७१ च्या जानेवारीत युगांडात इदी अमीनने सत्ता घेतली आणि १९७२ च्या ऑगस्टमध्ये आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडण्याचा हुकूम दिला. दुकाने, जिनिंग कारखाने, साखर कारखाने ज्यांच्या हाती पडले, त्यांना ते चालवता आले नाहीत. साबण, मीठ, साखर मिळेनाशी झाली, सरकार खर्चासाठी नोटा छापत राहिले आणि तरीही अधिकृत भाव हलवला गेला नाही. १९७५ मध्ये तिन्ही देशांनी आपली चलने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या एसडीआरशी, म्हणजे काही मोठ्या चलनांवरून ठरणाऱ्या हिशेबाच्या एककाशी, एकाच दराने जोडली. त्यामुळे कागदावर केनिया आणि युगांडा यांचे शिलिंग १९८० सालीही बरोबरीचेच होते.

कागदाबाहेर काय चालले होते, ते कॉफीवरून कळते. १९७५ च्या जुलैमध्ये ब्राझीलमध्ये कडाक्याचे दहिवर पडून कॉफीचे मळे करपले आणि पुढील दोन वर्षांत जगभर कॉफीचे भाव आकाशाला भिडले. युगांडाच्या शेतकऱ्याला आपली कॉफी सरकारी मंडळालाच, मंडळाने ठरवलेल्या भावाने, युगांडाच्या नोटांत विकावी लागे, आणि त्या नोटांनी विकत घ्यायला बाजारात काही नसे. म्हणून एल्गॉन पर्वताच्या बाजूने कॉफीची पोती रात्रीतून सीमेपलीकडे केनियातील चेपकुबेच्या बाजारात जाऊ लागली. तिथे केनियन शिलिंग मिळत आणि त्या शिलिंगांनी साबण, मीठ, कापड घेऊन माणसे परत येत. या चोरट्या व्यवहाराला तिकडे ‘मगेंडो’ म्हणतात आणि त्या वर्षांत युगांडातील अर्ध्याअधिक घरांची चूल या शब्दावर पेटत होती. वडिलांचे एक आफ्रिकन सहकारी पुढे केनियात स्थायिक झाले आणि अधूनमधून पत्र पाठवत. सीमेवर युगांडाची नोट बरोबरीच्या भावाने कोणी हातातही धरत नाही, असे त्यांनी ज्या वर्षी कळवले, त्याही वर्षी आपल्या तक्त्यात १ हाच आकडा असणार आहे.

आपण आलेख काढाल तेव्हा १९७२ ते १९८० ही रेघ अखंड काढू नये, अशी माझी मनापासून विनंती आहे. ज्या भावाने सामान्य माणसाला एकही नोट बदलून मिळत नव्हती, त्याला दर म्हणणे त्या लोकांवर अन्याय करणारे आहे.

सानपाडेकर :

नौपाडाकरांचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. मी एका बँकेच्या परकीय चलन विभागात २६ वर्षे काम करून निवृत्त झालो आहे. आकड्यांचा भाग मी सांगतो.

आधी १ आणि ०.०१ यांचा उलगडा करू. १९८१ च्या जूनमध्ये राष्ट्राध्यक्ष ओबोटे यांच्या सरकारने युगांडन शिलिंग बाजाराच्या हवाली केला, तेव्हा त्याची डॉलरमधील किंमत एका झटक्यात सुमारे एक-दशांशावर आली. पुढील पाच वर्षांत यादवी आणि चलनवाढ यांमुळे तो आणखी कोसळला आणि १९८६-८७ मध्ये अधिकृत भाव डॉलरला १,४०० शिलिंग होता. १९८७ च्या मे महिन्यात राष्ट्राध्यक्ष मुसेवेनी यांच्या सरकारने १०० जुन्या शिलिंगांऐवजी १ नवा शिलिंग आणला, त्या अदलाबदलीवर ३० टक्के कर लावला आणि त्याच वेळी अवमूल्यन करून डॉलरचा भाव ६० नवे शिलिंग ठरवला, म्हणजे जुन्या हिशेबाने ६,०००. आपला पहिला तक्ता त्या-त्या वेळी चलनात असलेल्या नोटांचे आकडे देतो, म्हणून १९८७ मध्ये दोन शून्ये गळाल्यावर रेघ कड्यावरून पडते. दुसऱ्या तक्त्याने मागचे सगळे आकडे आजच्या शिलिंगात बदलून घेतले आहेत, म्हणून १९६६ चा १ तिथे ०.०१ होतो. आकडे दोन्ही ठिकाणी बरोबर आहेत. दीर्घ काळाची तुलना करायची असल्यास दुसरा तक्ता घ्यावा आणि दोन्ही तक्ते एकाच आलेखात कधीही मिसळू नयेत. ही चूक मी अनुभवी माणसांनाही करताना पाहिली आहे, कारण शून्ये कापल्याने नोट बदलते, पण घसरण भरून निघाली असा भास आकड्यांतून होतो.

दुसरी गोष्ट अशी की, या दोन चलनांमधील दर बहुतेक वेळा प्रत्यक्ष सौद्यातून ठरत नाही. मलाबाच्या नाक्यावरचा नोटा बदलणारा दोन्ही चलने थेट हाताळतो, पण बँका आधी दोन्ही चलनांचा डॉलरमधील भाव पाहतात आणि एकाला दुसऱ्याने भागतात. याला आम्ही क्रॉस रेट म्हणतो. त्यामुळे हा आकडा हलला, तर तो युगांडामुळे हलला की केनियामुळे, हे त्या आकड्यावरून कधीच कळत नाही आणि डॉलरचे दोन्ही भाव वेगवेगळे काढून पाहावेच लागतात.

या पद्धतीने पाहिल्यास चित्र बदलते. मे १९८७ मध्ये केनियात डॉलरला सुमारे साडेसोळा शिलिंग पडत, म्हणून एका केनियन शिलिंगला साडेतीन ते पावणेचार नवे युगांडन शिलिंग पडत होते. १९९० पर्यंत हाच आकडा १९ च्या आसपास पोहोचला. म्हणजे १९८१ नंतरची खरी पडझड नव्या नोटांतही तीन वर्षे चालूच राहिली. यानंतरचे दशक आपण नीट पाहावे. १९९० मध्ये युगांडात डॉलरला सुमारे ४३० शिलिंग पडत, ते २००० मध्ये सुमारे १,६५० पडू लागले, पण आपापसातील दर १९ वरून केवळ साडेएकवीसपर्यंत गेला, कारण त्याच काळात केनियाचा शिलिंगही डॉलरला २३ वरून ७६ वर घसरला होता. १९९३ मध्ये गोल्डनबर्ग घोटाळा (खोट्या सोने-निर्यातीवर सरकारी पैसे उकळण्याचा) आणि परदेशी मदतीची टंचाई यांनी केनियाचे चलन खिळखिळे केले, तर युगांडाने १९९० पासून खासगी विनिमय केंद्रांना परवानगी देऊन काळ्या बाजाराचा भाव उघड्यावर आणला आणि १९९७ मध्ये भांडवल आणण्या-नेण्यावरील बंधनेही उठवली. दोन माणसे एकाच जिन्यावरून एकाच वेगाने उतरत असतील, तर त्यांच्यातील अंतर वाढत नाही आणि त्या अंतरावरून ती उतरत आहेत हेही समजत नाही.

२००० नंतर दर सावकाश चढत २०११ मध्ये २८ च्या आणि २०१८ मध्ये ३७ च्या आसपास गेला. मग तो उलट फिरला. केनियाची कर्जे वाढली, २०२४ च्या जूनमध्ये दोन अब्ज डॉलरचे युरोबाँड (परदेशात विकलेले डॉलरमधील कर्जरोखे) फेडायचे होते आणि ते फेडता येतील का या शंकेने केनियन शिलिंग डॉलरला सुमारे १०१ वरून जानेवारी २०२४ मध्ये १६० पर्यंत घसरला. युगांडाचा शिलिंग मात्र या सगळ्या काळात सुमारे ३,५०० ते ३,९०० च्या पट्ट्यातच फिरत राहिला, ज्यात कॉफीच्या निर्यातीचा आणि त्यांच्या मध्यवर्ती बँकेच्या शिस्तीचा मोठा वाटा आहे. म्हणून सहा वर्षांत ३७ चा आकडा २४ झाला. युगांडाचे चलन ‘वर्षानुवर्षे खाली येत आहे’ हा आपल्या साहेबांचा समज त्यामुळे २०१८ नंतरच्या काळाला लागू होत नाही. एका केनियन शिलिंगला २४ नोटा द्याव्या लागतात म्हणून युगांडाचे चलन दुबळे, असे मानण्याची सवय आपल्यालाही असते आणि ती सोडून द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता व्यापाऱ्यांच्या पत्राकडे येतो. २०२४ च्या फेब्रुवारीत केनियाने दीड अब्ज डॉलरचे नवे बाँड विकून जुन्यांपैकी बरेचसे परत घेतले, मध्यवर्ती बँकेने व्याजदर १३ टक्क्यांवर नेला, परदेशी पैसा आत आला आणि मार्चअखेरीस डॉलर १६० वरून १३१ वर उतरला. युगांडात तो ३,८०० च्या जवळच राहिला. म्हणजे घसरले कोणीच नाही, केनियाचा शिलिंग सावरला. आपल्या १०० डॉलरच्या मालाचे गणित मांडू. जानेवारीत तो मोम्बासात १६,००० केनियन शिलिंगांना पडत होता आणि कंपालात ३,८०,००० युगांडन शिलिंगांना. एप्रिलमध्ये कंपालात तो जवळजवळ तेवढ्यालाच पडतो, पण मोम्बासात १३,१०० शिलिंगांनाच मिळतो. नवा माल घेणाऱ्या व्यापाऱ्याचे यात काहीच नुकसान नाही, कारण त्याची खरेदीही तेवढीच स्वस्त झाली आहे.

नुकसान एकाच ठिकाणी होते. ज्या मालासाठी त्यांनी १६० च्या भावाने डॉलर विकत घेतले आणि जो माल १३१ चा भाव आल्यावरही गोदामात पडून होता, त्यावर त्यांना प्रत्येक १०० डॉलरमागे सुमारे २,९०० शिलिंगांचा फटका बसला. त्यामुळे त्यांनी डॉलर कोणत्या तारखेला घेतले, एवढे आपण शोधून काढावे. माल कधी निघाला याला या हिशेबात महत्त्व नाही. आणि हे तपासताना वार्षिक सरासरी वापरू नये. २०२४ ची सरासरी घेतल्यास जानेवारीचे १६० तिच्यात विरघळून जातील आणि त्यांचे खरे नुकसानही दिसणार नाही. महिन्याचे, शक्य असल्यास दिवसाचे दर घ्यावेत.

घोडबंदर_रोड :

अतिशय उपयुक्त चर्चा. मी एम. कॉम. च्या दुसऱ्या वर्षात आहे आणि माझ्या प्रकल्पात टांझानियाही आहे. तिथे असा १९८७ सारखा कडा कुठेच दिसत नाही, तरी आज एका केनियन शिलिंगला सुमारे २० टांझानियन शिलिंग पडतात. तिथे शून्ये कापली गेली नाहीत का?

नौपाडाकर :

नाही, टांझानियाने शून्ये कापली नाहीत, म्हणून आपली रेघ सलग आहे आणि १ पासून २० पर्यंतचा सगळा प्रवास तिच्यावर उघड दिसतो. तिथले राष्ट्राध्यक्ष न्येरेरे यांनी नाणेनिधीच्या अवमूल्यनाच्या अटीला बरीच वर्षे विरोध केला, युगांडाबरोबरच्या १९७८-७९ च्या युद्धाचा खर्च झाला, आणि अखेर म्विन्यी अध्यक्ष झाल्यावर १९८६ मध्ये डॉलरचा भाव सुमारे १७ वरून ४० वर नेला गेला.

एक गोष्ट मात्र आपल्या प्रकल्पात अवश्य नोंदवावी. १९७७ मध्ये पूर्व आफ्रिकी समुदाय मोडला आणि त्याच वर्षी टांझानियाने केनियाची सीमा बंद केली. ती १९८३ मध्ये उघडली. त्या सहा-सात वर्षांत दोन्ही देशांच्या मध्यवर्ती बँका भाव जाहीर करत होत्या, पण त्या भावाने सीमेवरून रीतसर व्यापार जवळजवळ झालाच नाही. समुदाय २००० मध्ये नव्याने सुरू झाला आणि २०१३ मध्ये कंपालाला चलन संघाच्या करारावर सह्या होऊन २०२४ पर्यंत पुन्हा एकच चलन आणण्याचे ठरले होते. ती मुदत आता २०३१ वर गेली आहे. माझ्या डबीतल्या नाण्यावर जे लिहिले आहे, ते नव्या नोटेवर पाहायला मिळावे, अशी माझी फार इच्छा आहे.

ऐरोली_लेखा :

नौपाडाकर काका आणि सानपाडेकर सर, आपले दोघांचेही मनापासून आभार. दोन दिवस फायली काढून बसले होते, त्यामुळे उत्तर द्यायला उशीर झाला.

सरांनी सांगितल्याप्रमाणे तीनही बिलांच्या पैशांच्या तारखा बँकेच्या सूचनांवरून काढल्या. पहिले बिल १८,००० डॉलरचे होते आणि त्याची संपूर्ण रक्कम आम्हाला जानेवारीत आगाऊ मिळाली होती, म्हणजे ते डॉलर त्यांनी १६० च्या आसपासच घेतले असणार. दुसरे बिल ९० दिवसांच्या उधारीवर होते. माल जानेवारीत निघाला, पण पैसे एप्रिलच्या मध्यावर आले, त्यामुळे त्यांना तेव्हाचा स्वस्त डॉलर मिळाला. तिसरा कंटेनर अजून कारखान्यातच आहे. त्यांनी स्वतः पाठवलेल्या साठ्याच्या यादीनुसार पहिल्या बिलातील एक-तृतीयांश माल मार्चअखेर शिल्लक होता. सहा हजार डॉलरवर डॉलरमागे २९ शिलिंग (१६० वजा १३१) धरल्यास १,७४,००० केनियन शिलिंग, म्हणजे सुमारे १,३३० डॉलर होतात. तिन्ही बिलांची बेरीज ५२,००० डॉलर आहे आणि १५ टक्क्यांच्या हिशेबाने ते आमच्याकडे ७,८०० डॉलर मागत होते.

हे मांडून दाखवल्यावर साहेबांनी दरपत्रक बदलण्याचा विचार सोडून दिला. तरीही व्यापारी जुने आहेत, करोनाच्या काळात त्यांनी आमचे पैसे एकदाही थकवले नाहीत आणि जानेवारीतील आगाऊ रक्कम त्यांनी आमच्याच विनंतीवरून पाठवली होती. म्हणून १,३३० पैकी निम्मा भार आम्ही उचलायचा आणि पहिल्या बिलावर ६६५ डॉलरची क्रेडिट नोट द्यायची असे ठरले आहे.

काका, आपल्या विनंतीप्रमाणे मी आलेखात १९७२ ते १९८० ही रेघ तुटक काढली असून तिच्याखाली ‘अधिकृत भाव, प्रत्यक्षात उपलब्ध नाही’ असे लिहिले आहे. साहेबांनी सर्वांत आधी त्याच तुटक रेघेवर बोट ठेवून हे काय आहे असे विचारले, आणि मग चेपकुबेच्या कॉफीची सगळी हकिकत मी त्यांना सांगितली. आपली हरकत नसेल, तर त्या दोन नाण्यांचे छायाचित्र घेण्यासाठी एखाद्या रविवारी नौपाड्याला यायला मला आवडेल.

नौपाडाकर :

अवश्य यावे. सकाळी दहानंतर मी घरीच असतो. आईची ती सुतळीही अजून आहे, ती शोधून ठेवतो.

सानपाडेकर :

आपण केलेली विभागणी न्याय्य आहे. फक्त क्रेडिट नोट पाठवण्याआधी एक काम करावे. निर्यात बिलाच्या रकमेत कपात करायची असल्यास आपल्या बँकेला आधी लेखी कळवून मान्यता घ्यावी लागते. त्यासोबत व्यापाऱ्यांचे पत्र, साठ्याची यादी आणि जानेवारी व मार्चअखेरचे दर जोडावेत. आपले पैसे आगाऊ आलेले असल्यामुळे ६६५ डॉलर परत पाठवायचे की तिसऱ्या बिलातून वळते करायचे, हेही त्याच अर्जात स्पष्ट लिहावे, नाहीतर शिपिंग बिलाची रक्कम आणि जमा झालेली रक्कम यांचा मेळ बसणार नाही आणि ती नोंद बँकेकडे उघडी राहील.